आतून बघणारी धाकटी

मित्रांनो, आधी नुसतं ऐका. मध्ये बोलू नका, आणि हसायचं असेल तर सगळं संपल्यावर हसा. मला मध्येच कुणी थांबवलं की माझा राग तेवढा लक्षात राहतो आणि गोष्ट जाते वाऱ्यावर.

अशा गोष्टी कशा सुरू होतात माहितेय ना? 'मी एक जुनी छत्री आहे', 'मी एक जुनं घड्याळ आहे', मग डोळ्यांत पाणी. मी काही जुनीबिनी नाही हं! मी सोनोग्राफीच्या मशीनची धाकटी प्रोब आहे. जुनी ती शेजारच्या खाचेत बसलेली, थोरली. थोरली-धाकटी ही नावं आमच्या सिस्टरनी ठेवली. "थोरलीला पुसून ठेव गं," "धाकटीला धुवायला टाक." बघा, त्या दोन वाक्यांतच आमच्या दोघींचं नशीब आलं. तिला पुसून ठेवायचं आणि मला धुवायला टाकायचं.

प्रोब म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मशीनला पडदा असतो, बटणं असतात, पण बघणार कशानं? आमच्यानं! आम्ही इतका बारीक आवाज सोडतो की तो कुत्र्यालाही ऐकू येत नाही. तो आवाज माणसाच्या अंगात शिरतो, कशावर तरी आपटतो आणि परत येतो. परत आलेला आवाज आम्ही झेलायचा, की पडद्यावर चित्र उमटतं. पाणी काळंभोर दिसतं, मांस करडं, हाड पांढरं. थोरलीचं तोंड रुंद, इस्त्रीसारखं. ती पोटावरून फिरते. मी लांबट, सडपातळ, टोकाला गोल. मी आत जाते. कुठून जाते ते सांगते, पण मी आधीच म्हटलंय, हसायचं नाही.

माझ्या आत स्फटिकांची एक रांग आहे, केसाएवढ्या बारीक चकत्यांची. कारखान्यात एक बाई भिंगाखाली डोळा लावून, श्वास रोखून त्या बसवत होती. मग परीक्षा म्हणून मला पाण्याच्या टाकीत धरून आत ताणलेल्या बारीक तारा दाखवल्या. मी सगळ्या तारा पडद्यावर वेगवेगळ्या दाखवल्या, एकही चुकवली नाही. तेव्हा ती बाई शेजारणीला म्हणाली, "ही पोर नाव काढणार." मित्रांनो, मी ते वाक्य खोक्यात, थर्माकोलमध्ये, ट्रकमध्ये, सगळीकडे जपून आणलं. मला वाटलं, आता गेल्या गेल्या लोक टाळ्याच वाजवणार!

आणि आले कुठं? थोरलीच्या शेजारी.

थोरलीची खाच मधली, डॉक्टरबाईंच्या हाताजवळची. माझी मागे, वायरींच्या गुंत्यात. थोरलीसाठी जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवतात, पेशंटच्या पोटाला गार लागू नये म्हणून. मला रबरी टोपडं घालतात, त्यावर जेलचा गार गोळा. तिला मऊ कागदानं पुसतात आणि डॉक्टरबाई स्वतः पुसतात. मला काम झालं की टोपडं ओरबाडून उंच बरणीत, औषधाच्या पाण्यात डोकं खाली करून उभं करतात. बरं, ते जरुरीचं असतं, मलाही कळतं. एकाचा रोग दुसऱ्याला जायला नको. पण तिला कधी एकदा तरी उलटं उभं केलं असतं तर माझ्या जिवाला थंडावा मिळाला असता.

आणि बाळं! तिला बाळं दिसतात हो! ती पोटावर फिरली की पडद्यावर इवलीशी मूठ दिसते, खोलीत सगळे 'अगंबाई' करतात, बाप लोक रडतात. ते चित्र कागदावर काढून घरी नेतात, फ्रिजवर लावतात. माझं चित्र कुणी फ्रिजवर लावलंय? 'हे बघा आमच्या आजोबांचं प्रोस्टेट' म्हणून? माझ्या पोटात दुखायचं मित्रांनो, आणि मला तर पोटही नाही.

तर असं सगळं चाललेलं असताना ड्रायव्हरकाका आले.

शहरात बस चालवायचे. गोल चेहरा, खणखणीत आवाज, गळ्यात रुमाल. गेले काही महिने त्यांना सारखी लघवीला लागायची, आणि गेलं की होत नसे, नुसतं उभं राहायचं. तेही त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. पण एके दिवशी लघवीला लालसर रंग दिसला आणि काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना धरून दवाखान्यात आणलं.

सिस्टर म्हणाल्या, "भरपूर पाणी प्यायचं काका, आणि लागली तरी जायचं नाही. लघवीची पिशवी भरली पाहिजे."

"मला शिकवता?" काका म्हणाले. "जन्मभर तेच केलंय. चाळीस माणसं मागे बसवून ड्रायव्हर कुठं जाणार?"

काकू बाहेर थांबल्या. काका आत आडवे झाले, थोरली पोटावर फिरली. पडद्यावर लघवीची पिशवी काळ्या तळ्यासारखी दिसली. आणि त्या तळ्याच्या तळातून एक करडा फुगवटा वर आलेला. डॉक्टरबाई एरवी बडबड्या. त्या बोलायच्या थांबल्या.

"काय झालं बाई?"

"पिशवीत एक फुगवटा दिसतोय. तो पिशवीच्या भिंतीतून आलाय की खाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते तिच्यातून, ते पोटावरून मला नक्की सांगता येत नाहीये."

"भिंतीतून असला तर?"

"तर ती गाठ. मग लगेच पुढच्या तपासण्या, कदाचित ऑपरेशन. साधी नसण्याची शक्यता असते."

"आणि त्या दुसऱ्यातून असला तर?"

"ते वयानं वाढतं. बहुतेकदा औषधानं भागतं. कुठून आलाय तेवढं कळलं पाहिजे."

"मग बघा की!"

डॉक्टरबाईंनी वायरींच्या गुंत्यात हात घातला आणि मला बाहेर काढलं. मला! मित्रांनो, मी अशी ताठ झाले म्हणून सांगू! थोरलीला कळत नाही ते मला विचारायला आल्या होत्या!

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "हे... हेसुद्धा पोटावरच फिरवायचं ना?"

"नाही काका. शौचाच्या जागेतून थोडं आत. प्रोस्टेट तिथून अगदी भिंतीपलीकडे असतं, शेजारच्या घरासारखं. तिथून स्वच्छ दिसतं. थोडं अवघडल्यासारखं होईल, पण लवकर आटपतं."

काका उठले. शर्टाची बटणं लावायला लागले, तीही चुकीच्या काजांत. "नको. पोटावरून काय बघायचं ते शंभरदा बघा. हे मी करून घेणार नाही. माणसानं काही लाज ठेवावी की नाही?"

"काका, ही तपासणी—"

"पुढच्या आठवड्यात परत येतो. कदाचित जाईलही तोवर."

जाईल म्हणे! बस आहे का ती, थांब्यावरून निघून जायला? दार उघडं होतं, म्हणून बाहेरचं सगळं ऐकू आलं. काकू विचारत होत्या, "काय म्हणाल्या?" आणि काका सांगत होते, "काही नाही गं. आज नीट दिसलं नाही. परत बोलावलंय."

मला परत खाचेत ठेवलं. वापरलीच नाही, तरी सिस्टरनी पुसली. तेवढंच पुसणं माझ्या वाट्याला. आणि थोरली मधल्या खाचेत मख्खासारखी. ती माझ्याशी एक अक्षर बोलत नाही, कधीच नाही. एवढा कसला मोठेपणा!

पुढच्या आठवड्यात काका आले. पाणी पिऊन, पिशवी टम्म करून, काकूंना घेऊन. आणि नेमकी त्यांच्या आधी एक पहिलटकरीण आत, सोबत तिची सासू, नवरा, नणंद. झालं! थोरलीचा दरबार भरला! बाळ पाठ करून झोपलेलं, तोंड दाखवेना. सासू म्हणते, "लाजतंय." नणंद म्हणते, "वहिनी, जरा कुशीवर वळ की." डॉक्टरबाई वाट बघतायत, थोरली मजेत पोटावर इकडून तिकडं. मी जळतेय. आणि बाहेर काका येरझाऱ्या घालतायत.

"सिस्टर, किती वेळ हो?"

"बाळ कूस बदलत नाहीये काका. थांबा जरा."

"माझं पाणी थांबणार नाही, त्या बाळाला सांगा!"

"जन्मभर तेच केलंय म्हणत होतात ना?"

"तेव्हा इंजिन नवीन होतं!"

बाहेर सगळी बाकडी हसली. शेवटी बाळानं तोंड दाखवलं, सगळ्यांनी 'अगंबाई' केलं, चित्र घेतलं, आणि काकांना आत बोलावलं. काका आले ते एकदम हलक्या पावलांनी. आडवे झाले. थोरली फिरली. इकडे फिरली, तिकडे फिरली. पडद्यावर नुसता करडा गाळ, मध्ये एक काळी फट. ना तळं, ना फुगवटा.

काका मान वाकडी करून पडद्याकडे बघत होते. मागच्या वेळचं चित्र त्यांना पाठ होतं. ते ताडकन उठून बसले, पोटावरचं जेल शर्टाला लागलं, आणि ओरडले, "नाही! आज नाहीये! अगं, आत ये, आत ये! गेली! गाठ गेली!"

काकू धावत आत आल्या. "गाठ? कसली गाठ?"

काका घाईघाईनं शर्टाला लागलेलं जेल पुसायला लागले.

"तुम्ही तर म्हणालात नीट दिसलं नाही," काकू म्हणाल्या. "आठवडाभर माझ्यासमोर बसून जेवताय. कसली गाठ?"

डॉक्टरबाईंनी आधी काकांकडे बघितलं. "काका, आत्ता बाथरूमला जाऊन आलात का?"

"थोडीशी... म्हणजे अगदी थोडीशी."

"थोडीशी म्हणे! पाण्याचा आवाज मी इथं ऐकला," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, पोटावरून बघायला ते पाणीच लागतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाणी म्हणजे आमची खिडकी. तुम्ही खिडकी लावून घेतलीत. खिडकी लावली म्हणून घरात शिरलेला चोर पळतो का?"

मित्रांनो, आत्ता हसा. थोडंसं. कारण मी त्या वेळी मनातल्या मनात नाचत होते! महाराणी आंधळ्या झाल्या होत्या! तिला पाणी लागतं, तळं लागतं, पेशंटला तासभर कळ सोसावी लागते. मला काही म्हणता काही लागत नाही. मी शेजारच्या घरातून बघते. मला काकांचं काही वाईट वाटत नव्हतं बरं का, खरं तेच सांगते. थोरली तोंडावर पडली, एवढंच मला दिसत होतं.

पण काकू. काकू स्टुलावर बसल्या आणि त्यांनी डॉक्टरबाईंकडून सगळं ऐकून घेतलं. फुगवटा, भिंत, प्रोस्टेट, सगळं. मग म्हणाल्या, "आणि ते दुसरं, जे हे करून घेत नाहीयेत, ते कुठंय?"

सिस्टरनी मला उचललं. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. इतकं नीट माझ्याकडे त्या भिंगवाल्या बाईनंतर कुणीच पाहिलं नव्हतं.

"एवढंच?" काकू म्हणाल्या.

"एवढंच काय, तुला काय माहीत—" काका पुटपुटले.

"मला काय माहीत? दोन बाळंतपणं झालीत माझी. कोण कोण यायचं, हात घालून बघून जायचं, तोंडंही ओळखीची नव्हती. मी लाजले म्हणून पोरं पोटातच ठेवली का? तुम्ही तेव्हा बाहेर शेंगा खात बसला होतात."

"शेंगा नव्हत्या..."

"जे काय होतं ते!" मग काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. "मला रागवायचं नाहीये हो. मी बाहेर थांबते, दार लावून घेते, मी बघणार नाही, कुणाला सांगणार नाही. मला फक्त एवढं सांगा, आहे की नाही. हे असं न कळता तुमच्यासमोर जेवायला मला नाही जमणार."

काकू गेल्या. काकांनी गळ्यातला रुमाल काढून ठेवला. मग सिस्टरना म्हणाले, "कोणत्या कुशीवर झोपायचं?"

"डाव्या. गुडघे पोटाशी घ्या."

पोट साफ करायचं औषध दिलं, तो सोपस्कार झाला, वर चादर टाकली. मला टोपडं, गार गोळा, सगळं नेहमीसारखं. काका भिंतीकडे तोंड करून पडले, आणि पलंगाची कडा अशी धरली जशी काही घाटात बस आहे. सिस्टर म्हणाल्या, "काका, तुमचा रूट सांगा बघू. पहिल्या थांब्यापासून."

"डेपो," काका दातांतून म्हणाले.

"पुढे?"

"बाजार. टपाल कचेरी..."

"श्वास सोडा. पुढे?"

"मुलींची शाळा. हळू! हळू हो!... पूल. पुलाच्या अलीकडे वळण."

पुलाजवळ मी पोचले होते. आणि मित्रांनो, काय स्वच्छ दिसलं! भिंतीपलीकडे प्रोस्टेट. अक्रोडाएवढं असावं ते वाढून लिंबाहून मोठं झालेलं. मी आवाज सोडला, झेलला, सोडला, झेलला. कडा गुळगुळीत, सगळीकडे अखंड. डॉक्टरबाईंनी मला हळूच वळवलं. आणि तिथं तो फुगवटा. खालून वर बघितला तर त्याचं मूळ सरळ प्रोस्टेटमध्ये! मधला भाग वाढून वाढून वर पिशवीत डोकावत होता. पिशवीची भिंत त्याच्या भोवती चादरीसारखी ताणलेली, पण सलग, कुठं कुरतडलेली नाही.

डॉक्टरबाई पुन्हा बोलायला लागल्या. "काका, ऐकताय ना? पिशवीत गाठ नाहीये."

"दवाखाना, पाण्याची टाकी..." काका थांबे मोजतच होते.

"काका! गाठ नाहीये. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी कुंपणावरून तुमच्या अंगणात आलीय, एवढंच. झाड प्रोस्टेटचं आहे. पोटावरून फक्त फांदी दिसत होती, मूळ आता दिसलं. लाल रंगही बहुतेक त्याचाच. रक्ताची तपासणी करू, पुढे एक सर्जनही बघतील, पण मला संशय घ्यावा असं इथं काही दिसत नाही."

काकांचं भिंतीकडे तोंड तसंच. नुसते खांदे हलत होते. सिस्टरनी मला बाहेर काढलं, चादर नीट केली आणि दुसरीकडे बघत राहिल्या.

"तिला बोलवा," काका म्हणाले.

काकू आल्या. काका पॅन्टचा पट्टा आवळत उभे होते. "नाहीये," ते म्हणाले. "नाहीये गं." काकूंनी त्यांच्या दंडावर एक चापट मारली, चांगली जोरात, आणि मग तोच दंड धरून उभ्या राहिल्या. काकांनी डॉक्टरबाईंना नमस्कार केला, सिस्टरना केला. जाता जाता मशीनच्या डोक्यावर हात फिरवला, मधल्या खाचेवर थोपटलं.

आणि मी कुठं? बरणीत. उलटी.

म्हटलं जाऊ दे. घाईत असतील. चित्र तर माझं आहे ना, रिपोर्टला जोडलेलं.

पण पुढचं ऐका. तेच तर सांगायचंय.

औषधं चालू झाली, काकांना बरं वाटायला लागलं. रक्ताची तपासणीही चांगली आली. पिशवी आता पूर्ण रिकामी होते का, ते बघायला ते परत आले. हे थोरलीचं काम, पोटावरून. या वेळी सोबत त्यांचा कंडक्टर होता. एका बसवर वर्षानुवर्षं काढलेली जोडी. कंडक्टर किडकिडीत, शांत, घाबरट. त्यालाही तोच त्रास, आणि त्यालाही लाल रंग दिसलेला. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. काकांनी त्याला अक्षरशः ओढून आणलं होतं. तो दाराच्या कडेला उभा होता, एक पाय आत, एक बाहेर.

काकांचं झालं. शर्ट खाली ओढत ते उठले. कंडक्टरनं हळूच विचारलं, "ड्रायव्हरसाहेब, खरं सांगा. ते एक आतून बघायचं असतं म्हणतात. ते तुम्हाला केलं का?"

मित्रांनो, मी कान टवकारले. आता! आता माझं नाव निघणार! तो माणूस नुसतं 'हो' म्हणाला असता. 'हो रे, तिनंच तर सांगितलं' एवढंच. मला फ्रिज नको, फोटो नको, कोमट जेलही नको.

काकांनी माझ्याकडे बघितलं. नक्की बघितलं. वायरींच्या गुंत्यातून माझं टोक दिसत होतं, तिथं त्यांची नजर थांबली. मग ती सरकली. त्यांनी हात पुढे केला आणि थोरलीला थोपटलं.

"छे रे! कसलं आतून! ही बघ, ही पोटावर फिरवतात. जरा गुदगुल्या होतात, बस. हिनं वाचवलं मला. चल, चप्पल काढ."

सिस्टरना खोकला आला. डॉक्टरबाईंचं तोंड उघडलं. मी वाट बघत होते. बोला, बाई, बोला! पण त्यांनी दाराकडे बघितलं. कंडक्टरचा बाहेरचा पाय आत आला होता. तो वाकून चपलेचा पट्टा सोडवत होता, आणि त्याचा चेहरा इतका सैल झाला होता, जसं कुणी डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवलं. डॉक्टरबाईंनी तोंड मिटलं. "या," म्हणाल्या. "झोपा. पुढे काही लागलं तर मी तुम्हाला आधी सांगेन, न सांगता काही करणार नाही." आणि कोमट जेलची बाटली उचलली.

थोरली निघाली पोटावर मिरवत. जिनं काही ओळखलं नाही, जिला अर्धं दिसलं, जी रिकाम्या पिशवीपुढं आंधळी झाली, तिच्या नावावर माझं सगळं काम जमा. आणि ती तर नाहीसुद्धा म्हणाली नाही!

आता माझं एवढंच मागणं आहे. मला धुवा, बरणीत ठेवा, माझी वायर मुरगळू नका, मला फरशीवर पाडू नका. एक स्फटिक निखळला तरी कुणाची तरी गाठ मला दिसायची नाही. आणि तुमच्या घरात कुणी बाबा, काका, आजोबा दाराशी एक पाय आत, एक बाहेर करून उभे असतील, तर त्यांना सांगा की लाजेचा खेळ पाच-दहा मिनिटांचा असतो.

पण काकांचं काय करू? सांगा ना. एकीकडे मी, जिनं त्यांना खरं ते दाखवलं. दुसरीकडे त्यांचा जिवाभावाचा मित्र, जो माझं नुसतं नाव ऐकून दारातूनच पळाला असता आणि परत आलाच नसता. तो चप्पल काढत होता मित्रांनो, एक काढून झाली होती, दुसरीचा पट्टा अडकला होता. त्या घडीला तुम्ही काकांच्या जागी असतात, तर त्याला काय सांगितलं असतं?